सगुण-शेवंती

पहिल्या कॅसेटला माइक एकच होता.
मांडवीच्या शाळेत, चौथीच्या वर्गात,
खिडक्यांना गोधड्या ठोकून.
दोघं भावंडं गालाला गाल लावून उभी
आणि खालून कोपरानं ढोसाढोशी.
तेही ऐकू येतं, दुसऱ्या कडव्याआधी:
शेवंतीचं 'सर मरे', सगुणचं हसू गिळणं.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर
गोधड्यांतूनही आत शिरली.
लोकांना वाटलं, तंबोरा.

मी दुकानात एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी
भरत होतो रात्र रात्र, दोन डेक शेजारी ठेवून.
प्रत्येक प्रतीत घरघर थोडी वाढायची
आणि ती दोघं थोडी लांब जायची,
होडी निघावी तशी.
सातशे विकल्या. सातशे!
शिरोड्याच्या एस.टी.त, ट्रॉलरवर, कुडाळच्या सलूनमध्ये.
भिंतीवर खळीनं डकवलेला फोटो:
तिची ठिपक्यांची ओढणी, त्याचा उसना गॉगल.
गॉगल माझा. परत आला नाही.

दुसरी कॅसेट मुंबईची. स्वच्छ.
काचेच्या खोलीत त्याचं सोमवारी घेतलं,
तिचं गुरुवारी.
सगुण एवढंच म्हणाला,
'समोर नुसतो हेडफोन लटकत होतो.'
शेवंती काहीच बोलली नाही.
पैशावरून फाटलं, असं बाजार सांगतो.
मला ठाऊक आहे ते इतकंच
की दोघं वेगवेगळ्या गाडीनं उतरली
आणि सामान उचलायला मला दोनदा जावं लागलं.

तो मस्कतला, बोटीवर.
ती मच्छीमार सोसायटीत डिझेलचा हिशेब लिहिते,
अक्षर सुरेख.

दुसरीचे तीन खोके माझ्या माळ्यावर.
परवा फोडले.
फीत ओढून काढली हातभर, वावभर,
अंगणात वाळत घातलेल्या बांगड्यांवर
काठीपासून काठीपर्यंत ताणली, कावळ्यांसाठी.
वारा सुटला की घुमते.
कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली,
पण घरघर तीच.

संध्याकाळी शेवंती थांबली कुंपणापाशी.
एक फीत चिमटीत धरली,
तेवढीच गप्प झाली. सोडली.
'कावळे भियतत?'
'भियतत गो. चार दीस.
मगे तेंका सवय होता.'