वाकळ, मधे एक रेघ

रुवीत रात्री अकराला
खालच्या शवरमावाल्याचं शटर पडलं
तेव्हा पडद्यावरच्या चौकटीत मी पहिल्यांदा लिहिलं
वाकळ.
लिहिलं इंग्रजीत, म्हणजे ळ बाहेरच राहिला
चपलांपाशी.

व्ही घ्यायचा की डब्ल्यू,
एल एक की दोन,
दोन घेतले तर कुणी वाकल्ल म्हणेल का.
सर्जेराव पलंगावरूनच म्हणाले
गोधडी लिही की सरळ.
गोधडीत ध आहे
आणि ध चा मा व्हायला इथं वेळ लागत नाही.

डॉटकॉम तर केव्हाच गेलेलं.
कोण, कुठल्या देशातला, कोण जाणे,
काही न मांडता नुसता बसलाय तिथं.
रिकामं घर, दाराला कुलूप,
कुलपावर दोन हजार डॉलरची चिठ्ठी.
त्याला काय ठाऊक वाकळ म्हणजे काय.
पाच अक्षरं आखूड दिसली,
टाकली खिशात.

मग डॉट ओम घे, सर्जेराव म्हणाले,
ओमानचं. कॉममधला क तेवढा गाळायचा,
वर पुण्य लागेल.
पण त्याला म्हणे कंपनीचे कागद लागतात
आणि माझी कंपनी म्हणजे
जेवायच्या टेबलावरचं सेकंडहँड मशीन
आणि कॉटखाली तीन बोचकी:
यांच्या साइटवरच्या निळ्या डांगऱ्या, गुडघ्याला विरलेल्या,
बिन्सीचे दवाखान्यातले फिकट गुलाबी कोट,
आणि एका माणसाच्या तीन पांढऱ्या दिशदाशा
ज्या त्याच्या मुलीनं, झुवैनानं,
धुऊन, इस्त्री करून आणल्या
आणि म्हणाली
कापशील तेव्हा मला सांगू नको.

तिनंच नाव वाचलं आणि हसली,
आल्यापासून पहिल्यांदा.
व-अकल?
आमच्यात याचा अर्थ, आणि त्यानं खाल्लं.
लोक बिर्याणी मागतील तुझ्याकडं.

बिन्सीला मात्र नुसतं सांगितलं, दाखवलं नाही.
वाकळ, ती म्हणाली,
शेवटचं अक्षर अस्सं जीभ मागं वळवून
जसं आमच्या आटपाडीत म्हणतात.
तिच्या भाषेत आहे म्हणे ते.
आठ वर्षं एकाच जिन्यानं चढतोय आम्ही,
एकमेकींच्या कढीपत्त्यावर जगतोय,
आणि मला हे माहीत नव्हतं.

पुण्याच्या भाच्यानं फोनवर बजावलं:
मामी, आकडा नको, रेघ तर मुळीच नको,
रेघ लोक विसरतात.
मी रेघ घातली.
वा, मधे एक रेघ, कळ.
एवढीशी आडवी,
धावदोऱ्याच्या एका टाक्याएवढी.
विसरतील ते विसरू देत,
टाका कुणी बघतं का कधी?
अंगावर घेतलं की झालं.

हिरवी खूण आली. मिळेल.
साडेचार रियाल, वर्षाचे.
नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं,
मुदतीत पैसे भरले नाहीत
तर दुसरा कुणी येऊन राहतो.
सर्जेराव तोवर उठून मागं उभे होते.
म्हणाले, आपलं कार्डही मार्चमध्येच संपतंय.
मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

कळ दाबली.

एसी अठरावर, बाहेर रात्रीसुद्धा सदतीस.
या देशात वाकळ कोण घेणार असं जे विचारतात
त्यांनी आमच्या खोलीत एक रात्र झोपावं.

झोप नव्हतीच, म्हणून पहिली दिशदाशा उसवायला घेतली.
बाह्या सुटल्या, पाठ सुटली.
गळ्याशी लोंबणारा गोंडा हातात आला,
धुऊनही त्यात अत्तर.
तो मी कापला नाही.
कुठं शिवायचा तेही अजून ठरलेलं नाही.
झुवैनाला फोन केला नाही.