एकावर तीन सुन्ना

शील्ड जिंकली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा.
विषय होता ‘तरुण आणि राष्ट्र’. सात मिनिटांत
मी अकरा वेळा देश म्हणालो,
शिवलिंग हत्तुरेनं मागच्या बाकावर बसून मोजले.
“एवढा देश देश करतोस, तर चल की बे,”
म्हणाला, आणि डबलसीट घेऊन गेला
अशोक चौकाच्या मागं, एका पत्र्याच्या खोलीत.
चौदा बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या,
भिंतीला एक फळा,
आणि हवेत तंबाखू, शिंक येईल इतकी.

पहिल्या रात्री मी क कमळाचा काढला.
कमळ कुणालाच नको होतं.
राजव्वा गड्डमनं मान वर न करता विचारलं,
“सार, हजार कसं लिवतात, तेवढं सांगा.”
हात चालूच: पान, चिमूट, वळण, दोरा.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हे तिला झोपेतही येत होतं, तेलुगूत.
येत नव्हती ती लॉगबुकातली शाई.

मी एकावर तीन शून्यं काढली.
तिनं ती पाटीवर गिरवली,
मग कनवटीचं पुस्तक काढून पुढं धरलं.
सोमवार नऊशे.
मंगळवार नऊशे.
बुधवारी साडेआठशे.
मी वाचत गेलो, आणि एकेक करत
चौदा कात्र्या थांबल्या.

शनिवारी ती कारखान्याच्या खिडकीशी उभी राहिली.
मुनीमाला म्हणाली, “एकावर तीन सुन्ना घाल.”
मागं तेरा जणी.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं.
पुढचे दोन आठवडे तिला पान मिळालं नाही.
शिवलिंग रोज त्या खिडकीपाशी जाऊन बसला,
उन्हात, डोक्याला टॉवेल बांधून.
मी परीक्षेचं कारण सांगितलं.
कारण खरं होतं,
म्हणून तर ते अजून बोचतं.

मग पुणे, नोकरी, हप्ते, चष्मा.
पंधरा ऑगस्टला सोसायटीत
मीच बोलतो दरवर्षी. बरं बोलतो, म्हणतात.

यंदा गड्ड्याच्या यात्रेला आलो.
शिवलिंगनं ट्रंकेतून जुना हजेरीपट काढला.
चौदा अंगठे, रोजचे.
मग एका तारखेला अंगठ्याच्या जागी ‘राजवा’,
आणि दुसऱ्या दिवशी तो जोडलेला व,
इतका दाबून लिहिलेला की कागद फाटलाय.
शिक्षकाच्या रकान्यात माझी सही,
वळणदार, शील्डवाल्याची, सात महिने.
मग ते दोन आठवडे.
तिथं त्यानं ‘गैरहजर’ लिहिलेलं नाही.
चौदा घरं कोरी सोडलीत.

मी खिसे चाचपले. म्हटलं, पेन आहे का रे?
तो ट्रंक बंद करत म्हणाला,
“पेन कशाला? राजव्वाची नात येते आता,
पीएफचा फॉर्म भरायला शिकायचाय तिला.
खडू संपलेत. येताना घेऊन ये.
साडेआठला असतो वर्ग.”