एक कमी

फोन भरलाय, बाबा म्हणाले,
आणि टोपीतून काढून माझ्यापुढे ठेवला,
दुखऱ्या खुराचं जनावर वैद्यापुढे उभं करावं तसा.
चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर आले होते,
अर्वाइखेरच्या चौथ्या मजल्यावरही
भुवयांवरचा बर्फ तसाच.

मी चहा ठेवला, मीठ घातलं, फोनमध्ये शिरले.
तीन हजार एकशे सात फोटो.
निम्मं आकाश.
बरेचसे अंगठे.
एकाच मेंढीचे लागोपाठ सव्वीस, ती जागची हललेली नाही,
बाबांचं बोट तेवढं उचलायचं राहिलेलं.

मी बँकेत दिवसभर रकाने भरते,
मला असलं बघवत नाही.
अल्बम केले. माणसं. घोडे.
उन्हाळी कुरण, हिवाळी कुरण. इतर.
फोनही मदतीला धावला,
शिंगरांना त्यानं कुत्रे ठरवलं,
मग माझ्या भावाचा चेहरा गोल कापून पुढे केला:
हा एनेबिश आहे का?

आता याला काय सांगायचं.
एनेबिश म्हणजेच ‘हा नव्हे’.
त्याच्याआधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून आईनं मुद्दाम ठेवलेलं नाव,
न्यायला येणाऱ्यानं दारातूनच परत फिरावं म्हणून.
मी ‘हो’ दाबलं.
मग कसंसंच झालं, आणि ‘नाही’ केलं.

घोड्यांखाली रिकामी चौकट: नाव लिहा.
आम्ही घोड्यांना नावं ठेवत नाही.
काळ्या आयाळीचा जर्दा.
कपाळावर चांदणी असलेला कुमाईत.
तो अबलख, ज्यानं एनेबिशचा दात पाडला.
चौकटीत एवढं मावेना.

मग धूसर, दुबार, अंधारातले,
दोनशे बारा एका दमात उडवले.
फोन हलका झाला. खरं सांगायचं तर मीही.

बाबांनी तो हात लांब करून धरला
आणि बोटानं सरकवत राहिले.
ओठ हलत होते. मला वाटलं, वाचतायत.
मोजत होते.
तिन्हीसांजेला कळप कुंपणात शिरताना मोजतात तसे,
मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.
चहावर साय धरली.

एक कमी आहे.

एक कुठला, दोनशे बारा, मी म्हटलं, मीच काढले.
अंगठे जाऊ देत गं, ते म्हणाले.
पांढरी नाही.

काढून टाकलेले तीस दिवस एका कोपऱ्यात थांबतात,
प्रत्येकाखाली उरलेले दिवस लिहून.
तिथे सापडली.
काठापासून काठापर्यंत कोरी चौकट,
मला वाटलं होतं खिशातच बटण दाबलं गेलं असेल.
बाबा, यात काही नाही. नुसता बर्फ आहे.

घोडी आहे त्यात.
काचेला न शिवता त्यांनी बोट धरलं.
हा कान. इथून ती चढाकडे वळतेय.
वादळाच्या आदल्या दिवशी.

मी मोठं केलं, पांढरं मोठं झालं.
आणखी मोठं केलं, तर पांढऱ्याचे चौकोन,
आणि दोन ठिकाणी किंचित करडं.
कान म्हटलं तर कान.
मी म्हटलं, हो.

परत आणली, तशी ती नेमकी मधोमध जाऊन बसली.
तिथे नको, बाबा म्हणाले, ती सगळ्यांच्या मागून चालायची.
फोनला ‘मागून’ कळत नाही, तारीख कळते.
मी तिची तारीख बदलली,
अजून वीस वर्षांनी येणारा एक मंगळवार घातला.
आता कितीही फोटो काढले
तरी ती शेवटीच येईल.

त्यांनी पुन्हा मोजलं.
गार चहा सायीसकट प्यायले.
जिन्यात विचारलं, आता जागा किती आहे?
दोनशे अकरांची, मी वरून सांगितलं.
म्हणजे शिंगरं होईपर्यंत पुरेल, म्हणाले,
मग येतो परत,
आणि खाली किक मारल्याचा आवाज आला,
दोनदा नुसता, तिसऱ्यांदा गाडी लागली.