ठिपके

रुवैस. रात्रीचे अकरा.
आडव्या रेषेवर ओव्हरटाइमचे तास,
उभीवर गावी धाडलेले दिरहम.
एकशे बारा निळे ठिपके.

साहेबाला नुसते नंबर पुरे होते;
लेबलांसाठी माझ्याकडून शेजारचा रकाना निवडला गेला
आणि पडद्यावर माणसंच माणसं:
घवाळी, नूरुल, रेजी, परकार,
एकमेकांच्या अंगावर, कॅम्पमधल्या खाटांसारखी.
वाचता येईनात.
एकेक नाव धरून बाजूला सरकवलं.

उजवीकडे तळाला मुरुगन एकटा.
तास सगळ्यांहून जास्त, धाडलेले शून्य.
उद्या विचारायला हवं.

माझा ठिपका सापडेना.
घवाळीच्या बरोब्बर खाली निघाला,
तेवढेच तास, तेवढेच दिरहम.
बादलीवरून भांडलो होतो,
दोन महिने अबोला.

माझं नाव ओढून लांब नेलं, पार कोपऱ्यात.
नाव जातं.
ठिपका हलत नाही.