डी चाळीस, चाळीस डी

टेबलावर दोन्ही ठेवलेत, तौफिक, बघ हाताळून.
हा डी चाळीस, तो चाळीस डी.
कंपन्या वेगळ्या, आकडा तोच.
गल्लीत एकानं पोराचं नाव ठेवावं
आणि समोरच्यानं चिडून तेच उलटं ठेवावं, तसं.

चाळीस डी उचल.
जड आहे ना? पाऊण किलोला जेमतेम कमी, वर लेन्स.
कुंडलच्या मैदानात हाच माझ्या गळ्यात असायचा.
सेकंदाला साडेसहा फोटो.
त्या अर्ध्या फोटोचं काय होतं
याचा मी पंधरा वर्षं विचार करतोय.
ढाक लागायच्या आधी पैलवानाचा अंगठा मातीत रुततो,
तो अंगठा ह्यानं धरलाय.
पाठ टेकतानाची धूळ धरलीय.
आणि तिसऱ्याच कुठल्या तरी फोटोत
हरणाऱ्याच्या तोंडावर क्षणभर सुटका,
जी मैदानात एकालाही दिसली नव्हती, त्यालासुद्धा.
कार्ड मात्र जाडं, जुन्या पद्धतीचं. सरळ घालायचं.
आतल्या टाचण्या वाकल्या की पुण्याला पाठवावा लागतो
अन् पुण्याचा माणूस फोन उचलत नाही.

डी चाळीस घाईचा नाही.
सहा मेगापिक्सेल. हसू नकोस,
तुझ्या अब्बांच्या सतारीला तरी कुठं शंभर तारा असतात?
फोकसचे ठिपके तीनच.
अंगात मोटर नाही. माझी जुनी पन्नासची लेन्स लावलीस
तर कडं हातानं फिरवायचं,
अब्बा जवारी काढताना कान देतात
तसा डोळा द्यायचा.
पण पिवळा रंग ह्याच्याइतका कुणाला कळत नाही.
सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे चालू होते,
मी दोन्हींनी फोटो काढले.
चाळीस डीत हळद पिवळी आली.
ह्यात सेलमची वेगळी आली, राजापुरीची वेगळी.
अडत्यानं पाठीमागच्या स्क्रीनवर बघून भाव सांगितला.

तुला काय काढायचंय ते आधी सांग.
कारखान्यात वाळत ठेवलेले भोपळे, पट्टीवरची नक्षी,
अब्बांच्या नखातलं लाखेचं लाल, तर हा.
दर्ग्यातल्या मैफलीत रात्री दोनला
तबलजीचा हात, तर तो.
शटर लाखावर गेलंय त्याचं. लपवत नाही.

आणि ह्याला एक खोड आहे.
फ्रेमच्या मध्याच्या जरा वर
एक पिक्सेल लाल होऊन अडकलाय.
काहीही काढ, आकाश काढ, म्हैस काढ,
तिथं राईएवढा लाल ठिपका.
लग्नात खपून जातो, अक्षतांत कोण शोधतंय.
पासपोर्टच्या फोटोत मी पुसतो.

एकदा भोश्याची अनुसयाक्का आली,
निराधारच्या फॉर्मला फोटो पाहिजे म्हणून.
कपाळ मोकळं. तेवीस वर्षं, तिनंच सांगितलं.
फोटो कॉम्प्युटरवर उघडला
तर ठिपका नेमका दोन भुवयांच्या मधोमध.
मी घाईनं माउस धरला.
ती स्टुलावरून उठून वाकून बघत राहिली,
इतकी जवळ की काचेवर तिचा श्वास उमटला.
मग म्हणाली, ऱ्हाऊ दे की.
म्हटलं, आक्का, कचेरीत चालायचं नाही.
त्यास्नी पुसल्याला दे. मला एक आसाच.
पैसे दोन्हींचे मोजून दिले,
एक रुपया सोड म्हणाली नाही.
पुसलेले आठ फॉर्मबरोबर पिशवीत गेले.
तो एक चष्म्याच्या डबीत, चष्म्याखाली.

तर असं.
तू चाळीस डी घे. पळत्या गोष्टींचं वय आहे तुझं.
साडेचार हजार, दोन बॅटऱ्या, चार्जर, पट्टा.
पट्ट्यात कुंडलची माती असेल थोडी,
धुतलास तरी जात नाही, मी धुऊन बघितलंय.

ह्याची किंमत?
थांब, ह्याचं झाकण कुठं गेलं
ते बघू दे आधी.