रकाना नऊ

पगार आडनावाचा एजंट,
शरणपूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर ऑफिस,
लिफ्ट बंद, म्हणून तोच खाली आला घामाघूम.
जिने चढू नका ताई, तुम्हाला शुगर ना.
त्याच्या सुरात गिऱ्हाइकाचा मान होता
आणि थोडी भीतीही,
मी तिथेच कोसळले तर काय, अशी.

सावली होती फक्त रसवंतीत.
रस घेणार का, असं विचारून
त्यानेच जीभ चावली.
मला लिंबूपाणी, मीठ घालून.
त्याने मात्र मोठा ग्लास मागवला, आलं टाकून.

नाव : संजीवनी दत्तू गांगुर्डे.
वय : एकोणपन्नास.
काम काय करता?
साखर मोजते, म्हटलं.
तो हसला. पण खरंच,
दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये माझं तेच काम.
मणी चिरडायचा, थेंब काचेवर,
नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा,
निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं
तिथला आकडा वाचायचा.
सोळाच्या खाली आला तर माल परत.
अठराला बागवाल्याचा चेहरा खुलतो,
एकोणिसाला तो सगळ्या बायांना चहा पाजतो.
बावीस वर्षं मी लोकांच्या साखरेवर सही करतेय.
माझी पहिल्यांदा मोजली तेव्हा
दोनशे चौऱ्याऐंशी निघाली.
चहा कुणी पाजला नाही.

रकाना नऊ. आधीपासूनचे आजार.
पगारने पेन खाली ठेवलं.
ताई, इथे 'नाही' लिहिणारे पुष्कळ असतात,
मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही बघा.
चरकाची घुंगरं वाजत होती,
तोच ऊस चौथ्यांदा आत जात होता
आणि तरी काहीतरी गळतच होतं त्यातून.

मला जेलरोडचे आढावभाऊ आठवले.
त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, ठसठशीत अक्षरात.
अंगठा गेला, मग दावाही गेला.
औषधाच्या दुकानाची सात वर्षांपूर्वीची पावती
त्यांच्याच फाइलमध्ये, त्यांनीच जपून लावलेली.

आणि मला ते बागवाले आठवले,
पंधराचे सतरा लिही म्हणणारे,
पेटी घरी पाठवतो म्हणणारे.
त्यांना मी एकच सांगायचे :
दादा, कंटेनर रॉटरडॅमला पोचला
की तिथेही एक बाई बसलेली असते नळी घेऊन.

'हो' लिहिलं.
किती वर्षांपासून : सहा.
गोळ्या : दोन. इन्सुलिन : अजून नाही.
'अजून' खोडा, पगार म्हणाला.

पहिल्या कंपनीने नाही कळवलं.
दुसरीने कळवलंच नाही.
तिसरीने रक्त नेलं, लघवी नेली,
छातीच्या रेघांचा कागद नेला
आणि हप्ता तीस टक्क्यांनी वाढवून हो म्हटलं.
सोबत पत्र, तीन वर्षांच्या प्रतीक्षेचं :
तोवर साखरेमुळे काही झालं, तर ते तुमचं तुम्ही.
डोळे, मूत्रपिंडं, पाय,
सगळ्यांची नावं होती,
लग्नपत्रिकेत असावीत तशी एकाखाली एक.

रात्री तळव्यांना खोबरेल लावताना
मी त्यांना ते वाचून दाखवलं.
जरा दमानं घ्या रे, म्हटलं, एकोणतीसच्या मार्चपर्यंत.
डाव्या पायाची करंगळी
गेल्या थंडीपासून ऐकत नाही फारसं.
तिला दोनदा सांगितलं.

लेकाला तीन वर्षं म्हणजे उगाच काहीतरी वाटतं.
बागेत सांगायचं तर
तीन खरड छाटण्या, तीन गोडी छाटण्या.
ऑक्टोबरातल्या छाटणीला 'गोडी' का म्हणतात
हे मी कधी विचारलं नव्हतं.
कात्री चालते तेव्हा वेलातून पाणी टपकतं,
दोन दिवस टपकतं,
मग डोळे फुटतात.

आज पहाटे बोटाला सुई लावली.
थेंब आला.
पट्टीला लावायच्या आधी
सवयीने मी तो खिडकीच्या उजेडाकडे धरला,
एक डोळा मिटून.

एकशे अडतीस.
वहीत लिहिलं. खाली सही केली.