एकशेचार भागांचं बेट

शाहूपुरीतल्या रद्दीवाल्याकडून पंचवीस रुपयांना घेतलेली
जुनी कादंबरी, बाइंडिंग सुटलेली,
आत कुठल्याशा शाळेचा शिक्का: बक्षीस, इयत्ता सातवी.
जहाज फुटतं, एक माणूस वाचतो,
अठरा वर्षं कुणाशी बोलत नाही.
वाहिनीच्या बाईंनी सारांश वाचला
आणि विचारलं, मग संवाद कुठायत?

मी संवाद लिहिते. पोट त्यावरच.
सासूचे, सुनेचे, वकिलाचे,
फोटोतल्या मेलेल्या नवऱ्याचेसुद्धा.
आता कासवाशी बोलणाऱ्या माणसाचे.
पुस्तकात त्याचा एकटेपणा अर्ध्या पानात उरकलाय;
इथे बावीस मिनिटं आणि दोन ब्रेक.

समुद्र परवडत नव्हता.
कळंब्याच्या काठाला चार डंपर वाळू ओतली,
कोकणातून माड आणले, मुळं गोणपाटात बांधून.
मागचा डोंगर दिसू नये म्हणून
कॅमेरा कायम खाली बघायचा,
उधारी थकलेल्या माणसासारखा.
म्हशी तरीही फ्रेममध्ये यायच्या.
हे बेट निर्जन आहे, असं त्यांना सांगून झालं होतं.

नवव्या भागात त्याला वाळूत पहिलं पाऊल दिसतं.
सकाळभर वाळू झाडून गुळगुळीत केली.
नायक गुडघ्यांवर आला, भेदरला, छान भेदरला,
आणि मॉनिटरवर उमटलं: अंगठा, पट्टा,
कापशी चपलेचा अख्खा तळ.
स्पॉटचा पोरगा चहा देऊन परत गेला होता.
दिग्दर्शक बोंबलला.
मी मनात म्हटलं, असू दे की,
पण संवादवालीला कोण विचारतंय.

बेट उभं केलं आप्पासो मगदुमानं. सुतार, आंबेवाडीचा.
झोपडी, तराफा, दिवस मोजायचा खांब.
खांबाला खाचा पाडता पाडता थांबला.
"ताई, असं न्हाई मोजत कोण."
मग कसं?
"पुरात तीन दिस गच्चीवर हुतो.
मी, म्हस आन् शेजाऱ्याची कोंबडी.
म्हस दोन टायमाला पिळायची. सा येळा पिळली, तीन दिस.
प्यालो तेवढं प्यालो, उरलं ते सोडून द्यायचो.
पाण्यात पांढरं जरा येळ दिसायचं.
कोंबडीसंगं बोल्लो न्हाई. भांडलो मातुर."
आणि बोट आली तेव्हा?
त्यानं रंध्यातला भुसा फुंकला.
"लपलो की. टाकीच्या मागं.
कापडं भिजल्याली, अंगावर कारभारणीचं लुगडं."

त्या रात्री मी शेवटचा भाग लिहिला.
जहाज येतं. अठरा वर्षं वाट बघितलेला माणूस
खडकामागे जाऊन बसतो,
कारण आपल्या अंगावर काय आहे
ते त्याला आत्ता कळतं.
एकही संवाद नाही.
दीड पान नुसतं लपणं.
इतकं बरं मी आधी काही लिहिलं नव्हतं.

वाहिनीनं कळवलं, शेवट पॉझिटिव्ह हवा.
नायक हात हलवत धावला. ड्रोन वर गेला,
वर गेल्यावर तलाव फारच छोटा दिसायला लागला,
तेवढं कापलं.

तो भाग बघायला आप्पासोनं घरी बोलावलं.
चिवडा होता, पोरं होती, आवाज फार होता.
"पाण्याला वास न्हाई," तो म्हणाला. एवढंच.
बायको हसून म्हणाली,
"माझं लुगडं दावणार हुता न्हवं?"
मी कप खाली ठेवला.

भिंतीवर डोक्याच्या वर एक मातकट रेघ,
दोनदा रंग दिला तरी पुन्हा उमटणारी.
टीव्ही त्यानं रेघेच्या वर टांगलाय,
वीतभर.
आम्ही सगळे माना वर करून बघत होतो.